दोन पानी नियमांचा खेळ परभणीत बसवताना

टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळांचा, म्हणजे ज्याला सगळीकडे टेबलटॉप आरपीजी म्हणतात त्या प्रकाराचा, छापील आरंभ १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ने झाला. त्या खेळाची आजची मुख्य पुस्तके तीन आहेत आणि प्रत्येकाची पाने तीनशेच्या वर जातात. या जाडजूड परंपरेच्या शेजारीच मोजक्या नियमांच्या खेळांची एक वेगळी धारा वाढली, ज्यांचे सगळे नियम काही पानांत, कधी तर एकाच पानात मावतात. मला या दुसऱ्या धारेतला, विज्ञान आणि अद्भुत यांची सरमिसळ असलेला खेळ परभणीत, मराठीत आणि असे काही पूर्वी कधीच न खेळलेल्या माणसांबरोबर उभा करायचा होता. तो कसा उभा राहिला हे सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण असा प्रयत्न करू पाहणाऱ्यांना मराठीत फारसे काही वाचायला मिळत नाही.

खेळाची रीत थोडक्यात सांगते. एकजण सूत्रधार असतो; तो जग आणि प्रसंग सांगतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि आपले पात्र आता काय करणार ते बोलून सांगतात. जे सहज होण्यासारखे आहे ते होते, जे अशक्य आहे ते होत नाही आणि जिथे दोन्हीकडे पारडे झुकू शकते तिथे फासे टाकतात. आमच्या बैठकीत मी सूत्रधार, आणि खेळायला माझा मामेभाऊ, कृषी विद्यापीठात शिकणारे त्याचे दोन मित्र, नववीतली माझी भाची आणि शेजारच्या काकू, ज्या आधी केवळ चहा घेऊन आल्या होत्या आणि मग उठल्याच नाहीत.

सुरुवातीच्या बैठका मी इंग्रजी पुस्तिकांमधल्या जगात घेतल्या. नियम सोपे होते, सर्वांना ते लगेच समजलेही, पण खेळ वारंवार एकाच प्रश्नावर अडायचा: “असं करता येतं का?” तरंगत्या शहरातल्या बाजारात दोरखंड मिळतो का, तिथल्या पहारेकऱ्याला लाच देणे ही रीत आहे की गुन्हा, काचेच्या वाळवंटात रात्री थंडी पडते का, यातले काहीच खेळणाऱ्यांना माहीत नव्हते आणि माहीत असण्याचे कारणही नव्हते. जाड पुस्तकांच्या खेळात अशा प्रश्नांची उत्तरे तक्त्यांत शोधता येतात. मोजक्या नियमांच्या खेळात ती बसलेल्या माणसांच्या सामाईक समजुतीतून यावी लागतात. माझ्या मते या प्रकारच्या खेळाचे सगळे मर्म इथे आहे: नियम जितके कमी, तितके जग सर्वांच्या ओळखीचे हवे. म्हणून मी जग बदलायचे ठरवले आणि ते मराठवाड्यातच, पण कित्येक हजार वर्षे पुढे नेऊन ठेवले.

त्यासाठी लागणारे साहित्य आपल्याकडे विपुल आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी, म्हणजे ताऱ्यांच्या टकरीसारख्या घटनांतून अवकाशात उठणारे तरंग, टिपणारी वेधशाळा उभारायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाची मंजुरी दिली. एकमेकींशी काटकोनात असलेल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात नळ्या आणि त्यांतून धावणारा लेझर, अशी तिची रचना. अशा वेधशाळा प्रोटॉनच्या व्यासाच्या दहा हजाराव्या भागाइतका लांबीतला फरक ओळखतात. या यंत्राचे पुढे हजारो वर्षांनी काय होईल? आमच्या जगात लोक त्याला ‘कान’ म्हणतात, त्याच्या एका टोकाला उभे राहून दबक्या आवाजात बोलतात आणि दोन ताऱ्यांची टक्कर झाली की कानाचे राखणदार गावोगाव दवंडी पिटतात. पैठणच्या जायकवाडी धरणाची जवळपास दहा किलोमीटरची मातीची भिंत हे आमचे सर्वांत मोठे शहर झाले आणि त्याच्या २७ दरवाजांचे २७ मानकरी झाले, ज्यांचे आपसांत कधीच पटत नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकात आजच्या छत्रपती संभाजीनगरात आणलेली भूमिगत नहर आमच्या खेळात पाण्याऐवजी आवाज वाहून नेते.

हे जग मांडल्यावर “असं करता येतं का?” हा प्रश्न जवळजवळ बंद झाला. धरणाचा डावा कालवा परभणी जिल्ह्यापर्यंत येतो हे विद्यापीठातल्या मुलांना तोंडपाठ होते, त्यामुळे कोरड्या कालव्यातून चालत पैठण गाठायची योजना त्यांनी माझ्या मदतीशिवाय आखली. वाटेत पाणी कुठे मिळेल, कोणत्या महिन्यात निघायचे, सावली कुठे असेल, या वादात ते तासभर रमले. त्या वेळात एकही फासा पडला नाही आणि तरी तो आमच्या खेळातला सर्वांत रंगलेला भाग होता.

एक बंधन मात्र मी आधीच घालून घेतले. औंढा हे ज्योतिर्लिंगाचे ठिकाण आहे, आणि या भागात मंदिरे, दर्गे, गुरुद्वारे यांवर लोकांची जिवंत श्रद्धा आहे. कोणतेही खरे दैवत, संत वा पूजास्थान खेळात पात्र किंवा बक्षीस म्हणून येणार नाही, हे मी नियमांच्या पहिल्याच ओळीत लिहिले. अद्भुत जे काही असेल ते यंत्रांतून, खडकांतून आणि माणसांच्या कल्पनेतून यावे. या अटीमुळे खेळ कुठेही उणा पडला नाही, आणि काकूंसारखी माणसे निर्धास्तपणे खेळू शकली.

आता फाशांविषयी. बऱ्याच परदेशी खेळांना वीस, बारा, आठ बाजूंचे फासे लागतात. ते मागवता येतात, पण मला कोणत्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या लुडोच्या फाशांवर भागवायचे होते. दोन फासे टाकायचे, बेरजेत त्या कामाला लागणारा पात्राचा गुण, म्हणजे बळासारख्या कुवतीचा आकडा, मिळवायचा. दहा किंवा जास्त आले तर काम फत्ते, सात ते नऊ आले तर काम होते पण त्याची काही किंमत मोजावी लागते, आणि सहा किंवा कमी आले तर सूत्रधार प्रसंग बिघडवतो. ही तीन पायऱ्यांची पद्धत २०१० च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या खेळापासून रुळली आहे. तिचे गणित मला फार आवडते. गुण शून्य असेल तर ३६ पैकी ६ वेळा निर्भेळ यश, १५ वेळा किमतीचे यश आणि १५ वेळा बिघाड. गुण एक झाला की हेच आकडे १०, १६ आणि १० होतात, आणि दोन झाला की १५, १५ आणि ६. म्हणजे एका गुणाने पात्राची कुवत स्पष्ट जाणवण्याइतकी बदलते आणि तरी मधली, किंमत मोजायला लावणारी पायरी कायम रुंद राहते. गोष्ट पुढे सरकते ती याच मधल्या पायरीवर. बळ, अक्कल आणि जिद्द एवढे तीनच गुण आम्ही ठेवले. एकाला दोन, एकाला एक, एकाला शून्य.

एक नियम खेळणाऱ्यांनीच जन्माला घातला. फासे बिघडले की मामेभाऊ हट्टाने पुन्हा टाकू पाहायचा, तेव्हा आम्ही त्याला रीतसर रूप दिले: दोनपैकी एक फासा उचलून पुन्हा टाकता येईल, पण त्यानंतरही बेरीज सहाच्या वर गेली नाही तर पात्राजवळची एक वस्तू कायमची जाईल. टाकण्याआधी मोठ्याने “बनी तो बनी, नहीं तो परभणी” म्हणायचे, ही अट भाचीची. म्हणीचा असा नेमका उपयोग मी पूर्वी कुठे पाहिला नव्हता. पात्राजवळ सहाच वस्तू राहू शकतात, त्यामुळे तो फासा उचलताना प्रत्येकाचा हात थबकतो.

कवड्यांची सूचना काकूंची. वेरूळच्या लेण्यांत शिव-पार्वती सारीपाट खेळताना कोरलेले आहेत आणि आपल्या आजीच्या पिढीने दुपारच्या दुपारी कवड्यांवर काढल्या आहेत. मग या खेळात कवड्या नकोत काय, असे त्यांचे म्हणणे. पाच कवड्या टाकल्या आणि प्रत्येक कवडी उताणी वा पालथी पडण्याची शक्यता सारखी धरली, तर ३२ पैकी १ वेळा एकही उताणी पडणार नाही, ५ वेळा एक, १० वेळा दोन, १० वेळा तीन, ५ वेळा चार आणि १ वेळा पाचही. हे कागदावर. प्रत्यक्षात काकूंच्या डब्यातल्या कवड्या आम्ही पुन्हा पुन्हा टाकून वहीत नोंदी केल्या तेव्हा दिसले की त्यांतली एक, पाठीवर पिवळा डाग असलेली, जवळजवळ नेहमी पालथीच पडते, आणि सर्वांत लहान कवडी सतरंजीवर एका बाजूने पडते तर फरशीवर दुसऱ्याच. मुख्य निवाड्यासाठी इतकी लहरी गोष्ट मला नको होती. पण प्राचीन यंत्रांसाठी ती अगदी योग्य ठरली. जुने यंत्र वापरायचे असेल तर फासे बाजूला आणि कवड्या हातात: दोन वा तीन उताण्या पडल्या तर यंत्र नेहमीचे काम करते, चार पडल्या तर अपेक्षेपेक्षा जास्त करते, पाचही पडल्या तर थक्क करणारे काही घडवून कायमचे बंद पडते, आणि दोनपेक्षा कमी पडल्या तर काहीतरी भलतेच होते. प्रत्येक घरच्या कवड्यांचा स्वभाव वेगळा, म्हणून प्रत्येक घरात त्या यंत्रांचा स्वभावही वेगळा राहील. हे मला मनापासून आवडले.

पात्रे निवडण्यासाठी ३६ जणांचा तक्ता केला. एक फासा दशकाचा, एक एककाचा. ११ पासून ६६ पर्यंत ३६ जोड्या होतात. हा तक्ता मी एकटीने लिहिला असता तर त्यात निम्मे योद्धे आले असते. सर्वांनी मिळून भरला म्हणून त्यात जिनिंगवरचा हमाल आला, नहरीतले आवाज विकणारी बाई आली, कानाचा बडतर्फ राखणदार आला, मेंढ्यांऐवजी चालती यंत्रे वळणारा धनगर आला. सर्वांचा लाडका झाला तो पाणाड्या. आपल्याकडे बोअर घेण्याआधी पाणाड्या तळहातावर नारळ ठेवून शेतात फिरतो आणि नारळ उभा राहिला की तिथे पाणी सांगतो. आमच्या पाणाड्याचा नारळ जमिनीत गाडलेल्या यंत्रांपाशी उभा राहतो. विज्ञान की चमत्कार, याचा निर्णय खेळात कोणीच देत नाही, आणि या प्रकारच्या कथेला ती अनिश्चितता लागतेच.

नियम खरोखर पुरे पडतात का, याची कसोटी देवगिरीवर लागली. किल्ल्याच्या खंदकानंतरचा ‘अंधारी’ हा वळणावळणाचा काळोखा मार्ग ज्यांनी पाहिला आहे त्यांना तिथले दडपण माहीत आहे. तिच्या वरच्या तोंडाशी शेगडी पेटवून शत्रूवर धूर सोडण्याची सोय होती, ही माहिती किल्ल्यावरचे वाटाडे हमखास देतात. आमच्या कथेत पात्रे अंधारीत शिरली आणि वरच्या मानकऱ्यांनी धूर सोडला. धुरासाठी माझ्या दोन पानांत एक अक्षरही नव्हते. मी फासे पुढे केले, तेवढ्यात काकू म्हणाल्या, “अगं थांब, धूर वर चढतो की. आम्ही पदर ओला करून तोंडाला लावायलोत आणि खाली बसून सरकायलोत.” चुलीपुढे आयुष्य काढलेल्या बाईचे ते ज्ञान होते आणि त्यावर फासा टाकण्यासारखे काहीच उरले नव्हते. मी एवढेच विचारले की पदर ओला करायला पाणी कोणाचे. सर्वांजवळ मिळून एकच पखाल होती. पुढचा सगळा प्रसंग त्या पखालीवर घडला: पाणी आता संपवले तर गडावर पोचल्यावर काय, हा वाद अंधारातच, धुरातच झाला, आणि शेवटी मामेभावाच्या हमालाने आपला वाटा सोडून जिद्दीवर फासे टाकले. आठ आले. तो बाहेर पडला, पण त्याचा आवाज गेला आणि पुढच्या सबंध कथेत मामेभाऊ केवळ खुणांनी खेळला.

त्या बैठकीनंतर धुरासाठी, विषासाठी, बुडण्यासाठी वेगळे नियम लिहावेत असे विद्यापीठातल्या एका मुलाने सुचवले. मी ते घेतले नाहीत. त्याऐवजी सूत्रधारासाठी एक ओळ लिहिली: खेळणाऱ्याने सांगितलेला उपाय ऐकून बाकीच्यांनी मान डोलावली तर फासे टाकू नयेत, त्या उपायाला काय खर्च येतो ते विचारावे. जखमांचेही असेच सुटसुटीत केले. प्रत्येक पात्राला तीन जखमा झेपतात, प्रत्येक जखम काय आहे ते शब्दांत लिहायचे, चौथीला पात्र कथेतून जाते आणि खेळणारा तक्त्यातून लगेच नवे पात्र घेतो. ज्यांचे पात्र जाते त्यांना वाईट वाटते, विशेषतः लहानांना, म्हणून नवे पात्र त्याच प्रसंगात आत आणण्याची जबाबदारी सूत्रधारावर टाकली आहे.

आज हे सगळे ए-फोरच्या एकाच पाठपोट कागदावर मावते: एका बाजूला नियम आणि दुसऱ्या बाजूला पात्रांचा तक्ता. जगाचे वर्णन मुद्दाम वेगळ्या कागदावर ठेवले आहे. नांदेडच्या एका ओळखीच्या शिक्षिकेने हा खेळ आपल्या घरी मांडला तेव्हा तिने नियम तसेच ठेवले, जगाचा कागद मात्र बाजूला सारला आणि मुलांना कंधारचा किल्ला, गोदावरीचे घाट आणि माहूरचे जंगल घेऊन नवा कागद लिहायला लावला. तिच्याकडे पाणाड्या राहिला, धनगर गेला आणि नावाडी आला. कवड्या मिळाल्या नाहीत म्हणून तिची मुले चिंचोके एका बाजूने घासून वापरतात, आणि पाच चिंचोके पांढरे पडले की काय घडते ते त्यांनी स्वतःच ठरवले आहे.