मिनिटाला ३१ लिटर हवेवरून १८ वर: स्कूबाच्या पहिल्या नऊ डाइव्हची नोंद

तीन वर्षांपूर्वी मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात उतरलो, त्याला मी बरेच दिवस ‘स्कूबा केलं’ म्हणत होतो. खरं तर मागून इन्स्ट्रक्टरनं सिलिंडर धरलेला, वर-खाली होण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटची बटणं त्याच्याच हातात. ‘काय्येक होवचा नाय, तोंडान श्वास घे,’ एवढंच त्यानं सांगितलं होतं, आणि मी तेवढंच केलं. फोटो मात्र झकास आले.

यंदा ओपन वॉटरचा, म्हणजे स्कूबाचा सुरुवातीचा कोर्स रीतसर केला. थिअरी घरी, स्विमिंग पूल पुण्यात, समुद्र अंदमानात हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप, पण बोटीवर सगळे हॅवलॉकच म्हणतात). कोर्सपुरत्या समुद्रात चार डाइव्ह, जास्तीत जास्त १८ मीटर खोल. त्याआधी २०० मीटर पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं. पोहण्याला वेळेची अट नाही, त्यामुळे ते निवांत झालं. गाडी अडली ती मास्कवर.

मास्कमध्ये मुद्दाम पाणी घ्यायचं आणि ते खालीच बाहेर काढायचं. सांगायला सोपं. पण नाकाला पाणी लागलं की मेंदू ‘वर पळ’ म्हणून ओरडतो. पहिल्या दिवशी पूलच्या उथळ भागात, कमरेइतक्या पाण्यात, मी तीनदा उभा राहिलो. शेजारची बारा वर्षांची मुलगी एका फटक्यात पास. मग घरी सराव: बादलीत पाणी, तोंडात स्नॉर्केल (श्वासाची नळी), मास्क न लावता चेहरा बुडवायचा आणि नाक उघडं ठेवून फक्त तोंडानं श्वास घ्यायचा. आई दारात येऊन म्हणाली, ‘आंघोळ करतोयस की जीव देतोयस?’ चौथ्या दिवशी पाच मिनिटं बसलो. त्यानंतर मास्कच्या फ्रेमची वरची कड कपाळावर दाबून, नजर किंचित वर, नाकातून सावकाश फुंकर, हे आपोआप जमलं.

खाली जाताना दाबानं कान दुखतात हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी चुका होतातच. प्रमाणात बघितलं तर दाबाचा सर्वांत मोठा फरक पहिल्या दहा मीटरमध्येच असतो: वर १ बार (दाबाचं एकक), १० मीटरवर २, म्हणजे दुप्पट. म्हणून दुखायची वाट न बघता, दोरी धरून उतरताना पहिल्या मीटरपासूनच नाक दाबून कानांकडे हलकी हवा सोडत राहायची. पहिल्या डाइव्हला ३ मीटरवर उजवा कान अडला. मीटरभर वर जाऊन पुन्हा उतरलो, तेव्हा सुटला. एक दिवस तर सर्दीनं खाल्ला. ‘गोळी घे आणि चल’ असा सल्ला सोबतच्यानं दिला, तो मी ऐकला नाही. गोळीचा असर खाली असताना उतरला तर वर येताना हवा अडकते. किनाऱ्यावर बसून नारळपाणी प्यायलो, चिडलो, पण दुसऱ्या दिवशी कान मोकळे होते.

आता मुद्द्याचं, हवा. आमचे सिलिंडर नेहमीचे ॲल्युमिनियमचे, सुमारे ११ लिटरचे. २०० बारनं सुरुवात, ५० उरले की वर. म्हणजे वापरायला १५० गुणिले ११, साधारण १६५० लिटर. डाइव्ह १: सरासरी ७ मीटर, ३१ मिनिटांत संपली. तिथला दाब १.७ बार धरला तर पाण्याबाहेरच्या हिशेबानं मिनिटाला ३१ लिटर! डाइव्ह ९: सरासरी १० मीटर, ४६ मिनिटं, म्हणजे १८ लिटर.

फुप्फुसं तीच, फिटनेसही तोच. फरक पडला तो शिशाच्या वजनांनी. सुरुवातीला कमरेला ८ किलो होतं, कारण मी बुडतच नव्हतो. बुडत नव्हतो कारण घाबरून छातीत हवा धरून ठेवत होतो. वजन जास्त म्हणून जॅकेटमध्ये हवा जास्त. खोली थोडी बदलली की ती फुगते-आकसते, आणि आपण वर-खाली होत हातानं पाणी मारत बसतो. हात चालले की दम लागतो. सहाव्या डाइव्हआधी इन्स्ट्रक्टरनं तीन किलो काढून घेतले आणि हात छातीशी घडी घालून ठेवायला लावले. दिशा बदलायची तर पायातल्या फिननं, उंची बदलायची तर श्वासानं. गंमत अशी की श्वास घेतल्यावर लगेच काही होत नाही. दोन-तीन सेकंदांनी शरीर उचललं जातं. ती वाट बघणंच मला जमत नव्हतं.

नवव्या डाइव्हला परत येताना ५ मीटरवर तीन मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येण्याआधीचा थांबा, दोरी न धरता केला. डाइव्ह कॉम्प्युटरवर खोली ४.७, ५.१, ४.९ मीटर. आधीच्या डाइव्हला दोरीनं तळहात सोलला होता, त्यामुळे या आकड्यांचं कौतुक जास्तच.

विमान दुसऱ्या दिवशी दुपारी असल्यानं दहावी डाइव्ह केली नाही. लागोपाठ डाइव्ह केल्यावर १८ तास तरी उडायचं नाही. पुढची नेत्राणी बेटाला, कर्नाटकातल्या मुर्डेश्वरहून. ४ किलोवर उतरता येतंय का ते तिथे बघायचंय.