गाडीगाणी, नोंद चौथी : 41 वरून 14 वर

इथे जपानमध्ये गाडी चालवताना ऐकायच्या गाण्यांची मी यादी करतोय. मागच्या नोंदीच्या वेळी तिच्यात 41 जपानी गाणी होती. आता 14 उरली आहेत. निकष तोच : घरी हेडफोनवर कितीही आवडलेलं असो, चालत्या गाडीत दोनदा ऐकल्याशिवाय गाणं पक्कं धरायचं नाही. गाडीही तीच, सेकंडहँड केइ कार (जपानमधला सगळ्यात छोट्या गाड्यांचा वर्ग), 660 सीसी, चढ आला की एसी बंद करायला लावणारी. पण तिच्यात सीडी प्लेयर आहे, आणि तो या छंदात किती कामाला येतो ते पुढे सांगतो.

आधी एक चूक कबूल करतो. गायिका आराई युमीचं 'चूओ फ्रीवे' मी दुसऱ्या नोंदीत 'बरं आहे' म्हणून बाजूला सारलं होतं. दोन्ही वेळा ते सकाळी, टोकियोकडे येताना लावलं होतं. गाणं आहे पश्चिमेकडे जाण्याचं, तेही समोरच्या काचेवर संधिप्रकाश पसरतो त्या वेळेचं. त्यात उजवीकडे घोड्यांच्या शर्यतीचं मैदान येतं आणि डावीकडे बिअरचा कारखाना. मी उलट्या दिशेने येत होतो, म्हणजे माझं उजवं-डावं मुळातच चुकलेलं. या शनिवारी ताकाइदोहून संध्याकाळी निघालो. चोफू मागे पडलं, फुचू आलं, आणि मैदान नि कारखाना आपापल्या जागी हजर! युमी टोकियोच्या पश्चिमेकडच्या हाचिओजीची, तिथल्या किमोनोच्या दुकानदाराची मुलगी. तिच्यासाठी ही दिशा घरी जाण्याची होती हे ध्यानात आलं आणि गाण्याचा सैलपणा एकदम कळला. घाई कसलीच नाही. 80च्या वेगमर्यादेत ते अगदी चपखल बसतं.

हे गाणं ज्या अल्बममध्ये आहे तो 1976च्या नोव्हेंबरमधला. चूओ एक्सप्रेसवेचा ताकाइदो-चोफू टप्पा त्याच वर्षी मे महिन्यात खुला झाला आणि रस्ता थेट टोकियोच्या शहरी एक्सप्रेसवेला जोडला गेला. गाणं आलं तेव्हा तिथलं डांबरसुद्धा नवं होतं. (बाकी याला फ्रीवे म्हणणं म्हणजे धाडसच. टोल चांगला सणसणीत आहे.) पेटीवर वाजवायला बसलो तर 'सा' कुठे धरावा तेच कळेना, गाणं सारखं पट्टी बदलतं. तरी ऐकताना एकही धक्का बसत नाही. उताराचा रस्ता वळणं घेत जावा तसं ते जातं. पक्कं, आणि यादीत पहिलं.

आता सीडी प्लेयर. गायक तात्सुरो यामाशिताची गाणी स्ट्रीमिंगवर शोधत बसू नका. तिथे गाणी देणार नाही, असं त्यांनी 2022 साली मुलाखतीत स्वच्छ सांगितलं. मग जुन्या सीडींची दुकानं पालथी घालायची. 1982चा 'फॉर यू' मला असाच मिळाला, केस तडकलेली, तबकडी मात्र स्वच्छ. त्यातलं पहिलंच 'स्पार्कल' सुरू होतं ते नुसत्या गिटारने : तारा छेडायच्या आणि लगेच हाताने दाबून आवाज तोडायचा. घरी ते छान वाटतं. सकाळी सातला, समुद्र पहिल्यांदा दिसतो त्या वळणावर लावलं तर स्टिअरिंगवरची बोटं आपोआप नाचतात. पक्कं. मात्र बोगद्यात लावू नका, टायरांच्या घुमाऱ्यात गिटारचा सगळा बारकावा बुडतो.

मिकी मात्सुबाराचं 'मायोनाका नो दोआ', म्हणजे 'मध्यरात्रीचं दार'. (जपानी 'नो' हा आपला चा-ची-चे, फक्त लिंगाची भानगड नाही.) 1979चं हे गाणं तिने एकोणिसाव्या वर्षी गायलं. 2004 साली ती गेली. 2020च्या अखेरीस जगभरातली पोरं अचानक ते ऐकायला लागली, तो धुमाकूळ तिला पाहायला मिळाला नाही. चाचणी टोकियोच्या आतल्या वर्तुळाकार एक्सप्रेसवेवर, रात्री अकराला. जेमतेम 15 किलोमीटरचा फेरा, इमारतींच्या खिडक्या हाताला लागतील इतक्या जवळ. सांगलीहून आलेली आई मागे बसली होती. दुसऱ्या कडव्याला म्हणाली, "काय रे, हे आपल्या आर. डी.सारखं नाही का वाटत?" वाटतंच. सत्तरीतलं अमेरिकन फंक आणि डिस्को हा झरा दोघांच्या विहिरीला एकच. आईने ते पुन्हा लावायला सांगितलं, म्हणून एका रात्रीत दोन चाचण्या उरकल्या.

गळालेल्यांत मारिया ताकेउचीचं 'प्लास्टिक लव्ह' आहे. ओरडा, तयारी आहे. गाणं थोर आहे, पण मी त्यात इतका हरवतो की दोनदा बाहेर पडायचा फाटा चुकला. मोमोए यामागुचीचं 1978चं 'प्लेबॅक पार्ट 2' वेगळ्याच कारणाने गेलं. त्यात नायिका लालभडक पोर्शे हाकते. एनएचके या जपानच्या सार्वजनिक वाहिनीवर ब्रँडची नावं चालत नसल्यामुळे तिथे मोमोएला पोर्शेच्या जागी नुसतं 'गाडी' म्हणावं लागलं होतं. माझ्या 660 सीसीत बसून ऐकायचं तर तीच आवृत्ती शोभेल.

सदर्न ऑल स्टार्सचं 1990चं 'किबो नो वादाची' 134 क्रमांकाच्या किनारी रस्त्यावर तपासलं. कामाकुराहून चिगासाकीकडेच जा. इथे गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, त्यामुळे समुद्र तुमच्या बाजूला राहतो. एनोशिमाजवळ नेहमीची कोंडी, पुढे पाण्यात एबोशी खडक, जुन्या दरबारी टोपीच्या आकाराचा. या बँडचे गायक केइसुके कुवाता चिगासाकीचेच, आणि 2014पासून तिथल्या स्टेशनावर गाडी सुटताना याच गाण्याची धून वाजते. 'किबो' म्हणजे आशा. 'वादाची'ला मी बरेच दिवस शब्द शोधत होतो. चाकांनी मातीत उमटलेली रेघ, म्हणजे आपली चाकोरी! फक्त आपल्याकडे चाकोरी म्हटलं की कंटाळा आठवतो, आणि इथे चिगासाकीच्या फलाटावर लोक तिच्या सुरावर रोज कामाला निघतात.

पुढची चाचणी जूनमध्ये, पाऊस लागल्यावर. एइची ओताकीच्या 1981च्या 'अ लाँग व्हेकेशन'मधलं 'आमे नो वेन्सडे' काढून ठेवलं आहे, पावसातला बुधवार. त्यात दोघं मोडकळीला आलेल्या फोक्सवॅगनच्या बॉनेटवर बसलेले असतात. माझ्या गाडीच्या कानावर हे गाणं जाऊ द्यावं की नाही, एवढंच ठरत नाहीये.