वीरगळ टिपण्यासाठी कॅमेरा: जुना डीएसएलआर की खिशात मावणारा कॉम्पॅक्ट?

पुणे आणि सातारा जिल्ह्यांतल्या वीरगळांची (लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मारकशिळांची) व सतीशिळांची (सती गेलेल्या स्त्रियांच्या स्मारकशिळांची) छायाचित्रांसह नोंद करण्याचे काम आम्ही काही मित्रमैत्रिणी सवडीने करतो. देवळाच्या आवारात, ओढ्याकाठी, कधी शेताच्या बांधाला टेकून उभे असलेले हे दगड ऊनपावसाने झिजत चालले आहेत. गावात जीर्णोद्धार निघाला की त्यांच्यावर ऑइलपेंट चढतो किंवा ते एखाद्या ओट्याच्या बांधकामात जातात. त्यामुळे आज जे दिसते आहे ते नीट टिपून ठेवणे मला फार महत्त्वाचे वाटते. बराच काळ मोबाइलवर भागले. पुढे आमच्या नोंदी मूर्तिशास्त्राच्या अभ्यासकांना दाखवू लागलो, तेव्हा वीराच्या हातात तलवार आहे की खंजीर, सतीशिळेवरच्या हातात बांगड्या कोरल्या आहेत की तो नुसता झिजलेला भाग आहे, असे प्रश्न येऊ लागले. मोबाइलवरचे छायाचित्र मोठे करून पाहावे तर दगडाचा पोतच उरलेला नसे, कारण कमी प्रकाशातले रंगीत दाणे पुसताना मोबाइल छिन्नीच्या बारीक खुणाही पुसून टाकतो. शेवटी स्वतंत्र कॅमेरा घ्यायचे ठरले आणि निवडीचे काम माझ्याकडे आले.

वर्गणीतून जमलेल्या रकमेत नवा मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) आणि त्याची लेन्स बसत नव्हती. सेकंडहँड बाजारात त्याच रकमेला दोन गोष्टी मिळत होत्या. एक म्हणजे २०१० साली आलेला निकॉन डी७००० हा डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा, आणि त्याच्यासोबत सर्रास मिळणारी १८-१०५ मिमी झूम लेन्स. दुसरा पर्याय २०१४ सालचा सोनी आरएक्स१०० मार्क ३ हा कॉम्पॅक्ट, ज्याची न निघणारी लेन्स पूर्ण चौकटीच्या (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) हिशेबाने २४ ते ७० मिमीची, एफ१.८ ते एफ२.८ एवढी उघडणारी आहे. एफपुढचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते. पहिल्याची नुसती बॉडी बॅटरीसकट पाऊण किलोच्या पुढे जाते, लेन्सचे चारशे वीस ग्रॅम वेगळे. दुसरा बॅटरी आणि कार्ड धरून तीनशे ग्रॅमच्या आत. सुदैवाने आमच्या गटातल्या एकाच्या मामांकडे असाच डी७००० होता आणि माझ्या भाच्याकडे तो सोनी. दोघांनीही कॅमेरे मोकळ्या मनाने वापरायला दिले, म्हणून निवड कागदावरच्या आकड्यांवर सोडावी लागली नाही.

तरीही आकड्यांनीच मला पहिला धक्का दिला. डीएसएलआर म्हणजे मोठा सेन्सर (चित्र टिपणारी चकती), आणि मोठा सेन्सर म्हणजे अंधारात चांगले चित्र, हे मी ज्याला विचारले त्याने सांगितले होते. ते खरेही आहे. डी७०००चा सेन्सर २३.६ बाय १५.६ मिमीचा, तर या सोनीचा १३.२ बाय ८.८ मिमीचा, म्हणजे क्षेत्रफळात तिपटीहून थोडा अधिक फरक आहे. परंतु सेन्सरवर पडणारा एकूण प्रकाश लेन्स किती उघडते यावरही तितकाच अवलंबून असतो. १८-१०५ लेन्स तिच्या रुंद टोकाला एफ३.५ पर्यंतच उघडते, तर सोनीची लेन्स त्याच टोकाला एफ१.८ पर्यंत. या दोन आकड्यांच्या गुणोत्तराचा वर्ग केला की कॉम्पॅक्टच्या सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर पावणेचारपट प्रकाश पडतो असे दिसते. एकाचा सेन्सर तिप्पट मोठा आणि दुसऱ्याची लेन्स पावणेचारपट उजळ, अशी ही बरोबरी आहे. ज्या किट लेन्ससह जुना डीएसएलआर सहसा विकला जातो, त्या लेन्ससह तो अंधारात अशा कॉम्पॅक्टच्या पुढे जात नाही. सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराच्या सभामंडपात खांबांवरच्या नक्षीची दोन्ही कॅमेऱ्यांनी घेतलेली चित्रे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमधून उघडून शेजारी ठेवली, तेव्हा दाण्यांवरून कोणते कोणाचे हे मला ओळखता येईना. संरक्षित स्मारकात ट्रायपॉड लावायला आधी परवानगी काढावी लागते, त्यामुळे हातात धरून जे जमेल तेवढेच खरे, आणि त्या कसोटीवर दोघे सारखे उतरले.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे डीएसएलआरला एफ१.८ची ३५ मिमी लेन्स लावणे. ही डीएक्स लेन्स (निकॉनच्या या आकाराच्या सेन्सरसाठीची) छोटी आणि जेमतेम दोनशे ग्रॅमची आहे, सेकंडहँड स्वस्तही मिळते. सोनीची लेन्स तेवढाच भाग चौकटीत घेताना एफ२.८ वर आलेली असते, त्यामुळे इथे मोठ्या सेन्सरला सात-आठपट प्रकाश मिळतो. पण आमच्या कामाला तो लाभ पुरता घेता येत नाही. दीड मीटरवरून एफ१.८ला टिपले तर फोकसमध्ये राहणारी खोली सुमारे १३ सेंटिमीटर भरते. दगड सपाट असेल आणि कॅमेरा अगदी समोर असेल तर तेवढी पुरते, पण दगड मागे कललेला असला, किंवा त्यावरचा घोडेस्वार चांगला उठावाचा असला, तर वरचा कलश तरी पुसट होतो नाहीतर खालच्या गाई तरी. सगळे स्पष्ट यावे म्हणून लेन्स एफ५.६ पर्यंत बंद केली की खोली ४० सेंटिमीटरच्या आसपास जाते. कॉम्पॅक्टला तेवढीच खोली एफ२.८ वर मिळते, आणि मोठ्या सेन्सरचा फायदा तिथे संपतो. पार्श्वभूमी धूसर करून माणसांची चित्रे काढणाऱ्याला मोठा सेन्सर हवाच. ज्याला चौकटीतली प्रत्येक गोष्ट स्पष्ट हवी, त्याने केवळ सेन्सरच्या आकारासाठी पाऊण किलो वजन गळ्यात घालू नये, असे माझे आता ठाम मत आहे.

इथवर पारडे कॉम्पॅक्टकडे झुकले होते आणि प्रत्यक्ष वापरात ते आणखी झुकले. वीरगळाची खालची पट्टी, जिथे वीर आडवा पडलेला आणि बाजूला त्याने राखलेल्या गाई कोरलेल्या असतात, ती बहुधा जमिनीत अर्धी रुतलेली असते. डी७०००चा पडदा पाठीला पक्का बसवलेला असल्याने तिच्यासाठी चक्क पालथे पडून व्ह्यूफाइंडरला डोळा लावावा लागतो. सोनीचा पडदा वर वळतो. कॅमेरा जमिनीवर ठेवायचा आणि वरून पाहायचे. त्याची बॅटरी पॉवरबँकवर चार्ज होते आणि चित्रे तिथल्या तिथे मोबाइलवर घेऊन गावातल्या मंडळींना दाखवता येतात. हे शेवटचे मला विशेष मोलाचे वाटते. आपल्या देवळापुढचा ‘भडखंबा’, म्हणजे वीरगळ, पडद्यावर पाहिला की म्हातारी माणसे आपणहून बोलू लागतात, आणि आणखी दोन दगड कुठे आहेत ते सांगतात.

मग निर्णय उलटा, डीएसएलआरच्या बाजूने, का झाला? त्याचे कारण प्रकाशाचे प्रमाण नसून त्याची दिशा आहे. बेसॉल्टचा काळा, झिजलेला दगड समोरून उजळला की सपाट दिसतो. त्यावरचे शिल्प वाचता यायचे तर प्रकाश बाजूने, दगडाच्या पृष्ठभागाला जवळजवळ घासत यायला हवा, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या उठावाचीही सावली पडते. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरप्या उन्हात हे आपोआप घडते, पण ते ऊन त्या दगडावर पडले तरच. आमचे बहुतेक दगड वडापिंपळाच्या गर्द सावलीत किंवा भिंतीच्या आड असतात, आणि गावात पोहोचायची व तिथून निघायची वेळ आमच्या हातात नसून एसटीच्या वेळापत्रकाच्या हातात असते. एलईडी टॉर्च बाजूने धरून पाहिला. अंधार पडू लागल्यावर तो उत्तम काम करतो, मात्र भर दिवसा सावलीतल्या उजेडापुढेही त्याचा टिकाव लागत नाही.

इथे फ्लॅश लागतो, आणि तो कॅमेऱ्यापासून दूर, दगडाच्या बाजूला हवा. डी७०००मधला अंगचा छोटा फ्लॅश कमांडर म्हणून वापरता येतो, म्हणजे तो आपल्या झगमगाटाने दूर ठेवलेल्या निकॉनच्या फ्लॅशला इशारा देतो. तार किंवा वेगळा ट्रिगर लागत नाही. मैत्रिणीने एसबी-७०० हा फ्लॅश दगडाच्या डाव्या कडेपासून हातभर लांब, दगडाच्या पातळीच्या जरासा पुढे धरला. मी शटर १/२५० सेकंद, अ‍ॅपर्चर एफ८ आणि आयएसओ (प्रकाशाला संवेदनशीलता) १०० ठेवले. या मापाला सावलीतला भोवतालचा उजेड चित्रात फारसा उतरतच नाही, जे दिसते ते फ्लॅशने उजळलेले. पहिल्याच चित्रात मधल्या पट्टीतल्या घोड्याचा लगाम दिसला. आम्ही तो दगड आधी अनेकदा टिपला होता आणि लगाम कोणालाही दिसला नव्हता. मग फ्लॅश उजवीकडे धरला, तेव्हा ज्याला आम्ही ढाल समजत होतो त्या गोल भागामागे दुसऱ्या सैनिकाचा हात असल्याचे कळले. वरून धरल्यावर सर्वांत वरच्या पट्टीतले शिवलिंग आणि त्याच्या वरचे सूर्यचंद्र स्वच्छ उमटले. आता प्रत्येक दगडाची निदान तीन बाजूंच्या प्रकाशातली चित्रे घ्यायची, हा आमचा नियम झाला आहे.

कॉम्पॅक्टवर हे जमवण्याचा मी मनापासून प्रयत्न केला. खरे तर त्याचे शटर लेन्समध्येच असल्याने ते फ्लॅशसोबत १/२५० पेक्षा पुष्कळ वेगाने चालू शकते, म्हणजे उन्हातही भोवतालचा उजेड मारायची त्याची अंगभूत क्षमता डीएसएलआरपेक्षा मोठी. परंतु या मॉडेलवर बाहेरचा फ्लॅश किंवा ट्रिगर बसवायला हॉट शूच, म्हणजे कॅमेऱ्याच्या माथ्यावरची फ्लॅशची खाचच, दिलेला नाही. हॉट शू असलेले इतर कॉम्पॅक्ट आहेत, आणि ज्याला असा एखादा परवडणाऱ्या किमतीत मिळेल त्याने त्याचा जरूर विचार करावा. मला त्या काळात चांगल्या स्थितीतला मिळाला नाही. बॅटरीचाही मुद्दा होता. कंपन्यांच्या प्रमाणित चाचणीनुसार डी७००० एका चार्जमध्ये सुमारे १,०५० चित्रे देतो आणि हा सोनी सुमारे ३२०, आणि एकेका दगडाची इतकी चित्रे घ्यायची म्हटल्यावर हा फरक दुपारीच जाणवतो.

मामांचा कॅमेरा त्यांना हवाच होता, त्यामुळे आमच्यासाठी दुसरा डी७००० शोधायला मी मुंबईत फोर्टमधल्या बोरा बाजारात गेले, जिथे कॅमेऱ्यांच्या विक्रीची आणि दुरुस्तीची दुकाने शेजारी शेजारी आहेत. जुना डीएसएलआर घेताना काय पाहावे, हे तिथल्या एका जुन्या कारागिरांनी मला शांतपणे करून दाखवले. निकॉनच्या चित्राच्या फाइलमध्ये शटर किती वेळा पडले याचा आकडा नोंदलेला असतो. डी७०००चे शटर दीड लाख वेळांपर्यंत चाचणी केलेले आहे. पहिली बॉडी लग्नाच्या कामांतून आलेली होती आणि तिचा आकडा त्याच्या पुढे गेला होता, म्हणून ती बाजूला ठेवली. दुसरीचा आकडा पुष्कळ कमी होता. मग लेन्स एफ२२ पर्यंत बंद करून पांढऱ्या भिंतीचे चित्र काढले, कारण सेन्सरवर धूळ असेल तर ती अशा चित्रात काळ्या ठिपक्यांसारखी उठून दिसते. थोडी होती, ती त्यांनी साफ करून दिली. कॉम्पॅक्टच्या बंद अंगात शिरलेली धूळ काढायची तर सगळा कॅमेरा खोलावा लागतो, हेही त्यांनीच सांगितले.

लेन्सची तपासणी मला सर्वांत शिकवून गेली. या लेन्सवर अ‍ॅपर्चरची कडी नसते, त्यामुळे कॅमेऱ्यातून काढल्यावर पाती मिटलेली राहतात. मागच्या बाजूची बारीक दांडी नखाने सरकवून पाती उघडायची, पुढून मोबाइलचा टॉर्च तिरपा मारायचा आणि मागून पाहायचे. पहिल्या लेन्समध्ये काचेच्या कडेपासून आत शिरणारे, कोळिष्टकासारखे पांढरट धागे दिसले. ती बुरशी. कोकणपट्टीच्या दमट हवेत बंद बॅगेत पडून राहिलेल्या लेन्सला ती हमखास धरते आणि काचेवरचा लेप एकदा खाल्ला की साफ करूनही डाग राहतो. दुसरी लेन्स स्वच्छ निघाली, तीच घेतली, आणि रकमेत बसली म्हणून ३५ मिमीची लेन्सही घेतली. फ्लॅशच्या प्रकाशात एफ८ला ती १८-१०५ पेक्षा कडेपर्यंत अधिक रेखीव चित्र देते, हे तिचे आमच्या लेखी खरे मोल. जुन्या बॉडीला बॅटरी मिळेल का ही शंका होती, पण याच मालिकेची बॅटरी निकॉनने पुढे झेड वर्गातल्या मिररलेस कॅमेऱ्यांनाही चालू ठेवली असल्याने ती नवी, मूळ कंपनीची मिळाली.

कॅमेरा आता हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवतो. पुड्यांचा निळा रंग गुलाबी झाला की त्या मंद आचेवर तव्यावर कोरड्या करून घेतो. पावसाळ्यात दौरे बंद असले तरी पंधरवड्याने एकदा लेन्स बाहेर काढून उजेडात ठेवायची, ही जबाबदारी माझ्याकडे आहे. जमिनीत रुतलेल्या पट्ट्यांसाठी अजूनही भाच्याचा सोनी अधूनमधून मागून नेतो. बाकीच्या दगडांवर एकीने फ्लॅश धरायचा आणि दुसरीने व्ह्यूफाइंडरला डोळा लावायचा, अशी कामाची वाटणी ठरून गेली आहे.