लेखी संदेश आले, म्हणून वैमानिकाचे काम हलके झाले का?

बीड-लातूरच्या आकाशातून जाताना आम्ही वैमानिक जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रकाशी मुख्यतः व्हीएचएफ रेडिओवरच बोलतो. अरबी समुद्रावर मात्र किनारा मागे पडला की व्हीएचएफची पोच संपते. तेथे पूर्वी एचएफच्या, म्हणजे लांब पल्ल्याच्या रेडिओच्या, खरखरीत कान लावून बसावे लागे. आता सीपीडीएलसी, म्हणजे नियंत्रक आणि वैमानिक यांच्यातील लेखी संदेशांची व्यवस्था आहे. परभणीला वैमानिक होण्याची स्वप्ने पाहणाऱ्या माझ्या पुतण्याने विचारले, "काका, मग तुमचं काम निम्मं झालं असेल ना?"

कानाचे काम निश्चितच कमी झाले. स्थान कळवण्यासाठी एचएफवर तेच आकडे पुन्हा पुन्हा सांगावे लागत. आता एडीएस-सी ही विमानातली यंत्रणा ते आपोआप पाठवते. रात्रीच्या लांब उड्डाणात ही सुटका फार मोलाची वाटते.

डोळ्यांचे काम मात्र वाढले. घंटी वाजते, संदेश स्क्रीनवर येतो, आणि दोघांनीही तो आधी स्वतंत्रपणे, मनातल्या मनात वाचून मगच एकमेकांशी पडताळायचा असतो, कारण एकाने मोठ्याने वाचला की दुसऱ्याला तोच अर्थ दिसू लागतो. 'ॲट १४३५ क्लाइंब टू अँड मेंटेन एफएल ३७०', म्हणजे १४:३५ वाजता ३७,००० फुटांच्या पातळीवर चढा आणि तेथेच राहा, असा संदेश घ्या. थकलेली नजर थेट ३७० वर जाते आणि सुरुवातीची वेळ निसटते. विमान ठरल्या वेळेआधीच चढू लागले, तर वरच्या पातळीवरच्या विमानाशी राखलेले अंतर धोक्यात येते. म्हणून 'विल्को', म्हणजे 'सूचना पाळतो' हे उत्तर, पाठवण्यापूर्वी वेळेवर बोट ठेवून ती उच्चारण्याचा माझा आग्रह असतो, सहवैमानिकाला तो जाचक वाटला तरी.

दुसरी उणीव मला अधिक सलते. मे महिन्यात दुपारनंतर मराठवाड्यावर वळवाचे ढग उभे राहतात, तेव्हा पुढच्या विमानाने वळण मागितल्याचे रेडिओवर आम्हालाही ऐकू येते आणि पुढे काय आहे ते आधीच कळते. लेखी संदेश ज्याचा त्यालाच दिसतो, त्यामुळे समुद्रावर हा अंदाज स्वतःच्या वेदर रडारवरूनच बांधावा लागतो. उत्तरही तत्काळ येत नाही; अनेक सागरी क्षेत्रांत संदेश आणि त्याचे उत्तर हा व्यवहार २४० सेकंदांत पूर्ण व्हावा, असा निकष आहे, आणि विमान तेवढ्या वेळात पन्नास-साठ किलोमीटर पुढे गेलेले असते. म्हणून ढग रडारच्या कडेला दिसू लागताच मी वळणाची विनंती पाठवतो, आणि वेळ खरोखरच हातात नसेल तर एचएफच उचलतो.