अण्णा गेल्यानंतर सातबारावर नावं लावली, वाटणी केली, तो सगळा अनुभव

अण्णा गेले तेव्हा सातबारावर त्यांचं एकट्याचं नाव होतं आणि मागे वारस आम्ही चौघं, आई, ताई, दादा आणि मी. ताई लग्न होऊन गेलेली, दादा शहरात कंपनीत नोकरीला, आणि शेतात राहिलो तो मी. साडेसहा एकर जमीन, म्हणजे सातबाराच्या भाषेत २ हेक्टर ६३ आर, त्यात विहिरीकडचं निम्मं बागायत आणि वरचं माळाचं जिरायत, रस्त्याला लागून. हे आधीच सांगतो कारण पुढची सगळी भानगड या दोन तुकड्यांचीच आहे.

दहावं तेरावं झालं की सल्ले सुरू होतात. जो तो म्हणणार एकदाच उरकून टाका, बहिणीची सही घ्या, दोघा भावांची नावं लावा आणि मोकळे व्हा. ज्या ऑफिसात चौकशीला गेलो तिथे टेबलावरच्या माणसानेही हेच सांगितलं, बहिणीचं हक्कसोडपत्र असलं की काम सुटसुटीत होतं म्हणे. त्याचं काम सुटसुटीत होतं हो, आमचं नाही. वारस म्हणून नाव लागणं, हक्क सोडणं आणि जमीन वाटून घेणं ही तीन वेगवेगळी कामं आहेत हे कुणीच नीट सांगत नाही, आणि सगळे ती एका दमात करायला लावतात.

वारस नोंदीला हक्कसोडपत्र लागत नाही. वारसाने मिळालेल्या हक्काची खबर ३ महिन्यांत तलाठ्याला द्यायची असं महसूल कायद्याच्या कलम १४९ मध्ये आहे (आता तलाठ्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात पण तोंडात तलाठीच बसलाय). मृत्यूचा दाखला, सातबारा, आठ अ (खात्याचा उतारा), सगळ्या वारसांची नावं नाती पत्ते लिहिलेलं शपथपत्र, आधार, एवढंच. अर्ज ई-हक्क या सरकारी पोर्टलवरून ऑनलाईन करता येतो, मी तसाच केला. मग वारस रजिस्टरला नोंद, त्यावरून फेरफार (म्हणजे सातबारावरच्या नावांतल्या बदलाची नोंद), सगळ्यांना नोटीस, हरकतीसाठी १५ दिवस, आणि कुणाची हरकत नसली की मंडळ अधिकारी फेरफार मंजूर करतात. शपथपत्रात बहिणीचं नाव गाळायचा सल्लाही मिळाला होता मला, तो अजिबात ऐकू नका, खोटं शपथपत्र हा गुन्हा आहे आणि नोंद नंतर कधीही उकरून काढता येते.

तर ताईकडे विषय निघाला. मी सरळच विचारलं, ताई तू सही देणार आहेस का. ती म्हणाली, "अरे मला जमीन कसायची नाही, विकायचीही नाही, पण माझं नाव नको असं म्हणायला कुणी यायचं नाही." मला राग आला तेव्हा, खरं सांगतो. इतकी वर्षं उन्हातान्हात मी राबलो, विहीर खोल केली, ड्रिप केलं, वरचं रान लेव्हल करून घेतलं, आणि कागदावर मी आणि वर्षातून दोनदा येणारा दादा आणि ताई सगळे सारखेच. कायदा घाम मोजत नाही, हिस्सा मोजतो, हे पचायला मला वेळ लागला. पण मग असंही वाटलं की अण्णांच्या आजारपणात तिने महिनोन्महिने त्यांना स्वतःकडे ठेवलं होतं ते तरी कोणत्या रकान्यात लिहायचं?

दादाने वेगळाच मुद्दा काढला, की जमीन वडिलोपार्जित आहे, अण्णांनी घेतलेली नाही, मग ताईचा हिस्सा कमी बसतो. यावर घरात दोन रविवार वाद. शेवटी वकिलाकडे गेलो आणि त्यांनी कागदावर आकडेमोड करून दाखवली ती इथे देतो कारण बऱ्याच घरांत हाच वाद असतो. स्वकष्टाची जमीन असेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बायको, मुलगे, मुलगी सगळे सारखे, म्हणजे आमच्यात प्रत्येकी पाव. आणि वडिलोपार्जित धरली तर २००५ च्या दुरुस्तीपासून मुलगी पण जन्मानेच सहहिस्सेदार, त्यामुळे आधी अण्णा, आई आणि तीन मुलं असे पाच वाटे, आणि अण्णांचा पाचवा वाटा परत चौघांत, म्हणजे एक पंचमांश अधिक एक विसांश, परत पावच! वाद घातला तो फुकट. २००५ च्या आधी लग्न झालेल्या मुलीचं काय हेही दादाने विचारलं, तर लग्नाचा संबंध नाही, आणि दुरुस्ती झाली तेव्हा वडील हयात असायला हवेत असंही नाही, हे सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलंय.

आणि एक गंमत. अण्णांच्या नावावर सोसायटीचं पीककर्ज होतं, सातबारावर 'इतर हक्क' या रकान्यात त्याचा बोजा चढलेला. हिस्सा म्हटलं की चौघं आणि बोजा म्हटलं की मी एकटा असं चाललं होतं, कारण कर्ज "शेतीसाठी" काढलेलं ना. वकील म्हणाले, जमीन चौघांना आली तर त्यावरचा बोजाही चौघांना आला, ज्याला जेवढं मिळालं तेवढ्यापुरता. हे ऐकल्यावर दादाचा सूर जरा मवाळ झाला.

नावं लागली चौघांची. त्यानंतर बरेच दिवस आम्ही काहीच केलं नाही, आणि माझ्या मते हेच सगळ्यात बरं झालं. नाव लागलेलं असलं की कुणाचा हक्क कुठे पळून जात नाही, त्यामुळे शांतपणे बोलता येतं. आईचा हिस्सा "नंतर तुमचाच आहे" म्हणून कुणाच्या तरी नावे फिरवायला नातेवाईक सांगत होते, तो आम्ही तिच्या नावावरच ठेवला. तिचं ती जिवंत असेपर्यंत तिचंच असू दे, यावर आम्ही तिघंही एका बाजूला, हा एकच मुद्दा असेल ज्यावर भांडण झालं नाही.

पुढे दादाला त्याचा वेगळा सातबारा हवा झाला. सरळ पाव म्हणजे ६५ गुंठे, पण कुठले ६५? त्याला रस्त्याकडचं माळरान हवं होतं, पीक कमी येतं पण उद्या किंमत येईल ती त्यालाच. मला विहिरीकडचं हवं. माझी भीती एकच, त्याने उद्या परक्याला विकलं तर. तेव्हा कळलं की वारसा कायद्यात कलम २२ आहे, असा वारसाने आलेला हिस्सा एखादा वारस विकायला निघाला तर बाकीच्या वारसांना तो घ्यायचा पहिला हक्क असतो, आणि ते शेतजमिनीलाही लागू आहे असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये म्हटलंय. पण वकिलांनी हेही सांगितलं की वाटप होऊन वेगळं झाल्यावर त्यावर फार विसंबू नका, काय ठरवायचंय ते आत्ताच ठरवा.

मग तहसीलदारांकडे महसूल कायद्याच्या कलम ८५ खाली वाटपाचा अर्ज, सगळ्यांची संमती, सगळ्यांचे जबाब. संमती असली तरच हा रस्ता, हक्काबद्दलच वाद असेल तर दिवाणी कोर्ट, आणि तिथे किती वर्षं जातात हे गावात प्रत्येकाला माहितीये. तुकडेबंदीच्या १९४७ च्या कायद्यामुळे प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा (म्हणजे ठरवून दिलेल्या किमान क्षेत्रापेक्षा) छोटा तुकडाही पाडता येत नाही, आमचं क्षेत्र त्यात बसलं. भूमी अभिलेख खात्याची पोटहिस्सा मोजणी (प्रत्येकाचा तुकडा वेगळा मोजून देणं) झाली, खुणा रोवल्या. दादाचं वेगळं झालं, आई ताई आणि मी सामाईकच राहिलो.

खरी घासाघीस झाली ती वाटेवर आणि पाण्यावर. खालच्या रानात ट्रॅक्टर न्यायचा तर दादाच्या माळातूनच जातो. आज भाऊ आहे म्हणून जातोय, उद्या त्याची पोरं किंवा तिसराच कुणी आला तर? म्हणून वाट किती रुंद, कुठल्या बांधाने, हे वाटपात लिहून घेतलं. विहिरीत चौघांचा सारखा हिस्सा लिहिला, दादा म्हणाला मला पाणी लागणारच नाही, तरी लिहायला लावलं, कारण न लिहिलेल्या पाण्यावरून डोकी फुटलेली मी पाहिलीत. पाळी कुणाची कधी, मोटारीचा खर्च कुणी करायचा हे साध्या कागदावर सह्या करून ठेवलंय, त्याला कायदेशीर वजन किती ते जाऊ दे, निदान आठवण राहते.

ताईशी ठरलंय ते असं, तिच्या वाटणीचं रान मी कसतो, वर्षाचा हिशोब तिला दाखवतो, खर्च जाऊन उरेल त्यातला तिचा वाटा तिच्या खात्यावर. पहिल्या वर्षी ती म्हणाली राहू दे रे, मी म्हटलं नाही, घे, नाहीतर उद्या मलाच वाटायला लागेल की सगळं माझंच आहे. ती हसली आणि म्हणाली पुढच्या वर्षी हिशोब जरा बारीक तपासणार आहे.

आता तिचा फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) काढायचा राहिलाय, आधारला तिचा जुना नंबर लिंक आहे म्हणून ओटीपीच येत नाहीये. मोटारीचं लाईट कनेक्शनही अजून अण्णांच्या नावावर आहे, त्याच्या अर्जाला परत सगळ्यांच्या सह्या लागतील असं दिसतंय.