बुरशीमुळे वाचलेली कॅसेट

जुन्या व्हिडिओ कॅसेटी डिजिटल करून द्यायचं काम मी पुण्यात करतो. बहुतेक माल लग्न, मुंज, बारशाचा. गेल्या पावसाळ्यात मात्र थेट मॉरिशसहून एक कॅसेट आली आणि तिचा विचार अजून डोक्यातून जात नाही.

बाई कास्कावेलच्या. मॉरिशसच्या पश्चिमेकडचं हे गाव, मराठी वस्तीचं. त्यांचे पूर्वज रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेलेले. बाई मूळ गाव शोधायला आल्या होत्या. पिशवीत एक व्हीएचएस कॅसेट आणि एक पेनड्राइव्ह. त्यांच्या वडिलांनी ऐंशीच्या दशकात टीव्हीवरून टेप केलेल्या मराठी कार्यक्रमांच्या आठ कॅसेटी होत्या. आदल्या वर्षी भावाने त्या इथल्याच एका स्टुडिओत दिल्या. त्यांनी सात करून दिल्या आणि आठवीला बुरशी आहे, मशीन खराब होईल म्हणून परत केली. "आता फाइली मिळाल्या, कॅसेटींचं ओझं कशाला नेता," असंही सांगितलं. भावाने सातही तिथेच टाकून दिल्या.

मी पेनड्राइव्ह लावला. मॉरिशसच्या मराठी लोकांचा झाकरीचा नाच, गणेशचतुर्थीचं विसर्जन, स्टुडिओत बसून मराठीत बोलणारी निवेदिका. चित्र स्थिर, आवाज ठीक आणि सगळं ब्लॅक अँड व्हाइट. बाई म्हणाल्या, "आमच्याकडे लहान देश, टीव्ही उशिरा आला असेल, म्हणून रंग नाही."

हे ऐकून मला राहवलं नाही. मॉरिशस ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशन १९६४ सालची, आणि तिथे टीव्ही सुरू झाला १९६५ मध्ये, देश स्वतंत्र व्हायच्या तीन वर्षं आधी. आपल्या मुंबईत दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. म्हणजे क्यूरपीपजवळच्या फॉरेस्ट साइडच्या स्टुडिओतून चित्र जात होतं तेव्हा गिरगावात कुणाच्या घरी टीव्ही नव्हता. तिथे रंगही सत्तरच्या दशकात आला, आपल्या १९८२ च्या आधी. मग ऐंशीच्या दशकातलं रेकॉर्डिंग रंगाशिवाय कसं?

उत्तर मला शेवटच्या फाइलच्या शेपटीत सापडलं. मराठी कार्यक्रम संपतो, कुणीतरी चॅनेल बदलतं आणि अर्धा मिनिट हवामानाचा नकाशा दिसतो. नकाशावर रेयुनियन बेट, अक्षरं फ्रेंच, चित्र बऱ्यापैकी स्वच्छ. आवाज मात्र नाही, नुसती खरखर. रेयुनियन हा फ्रान्सचा भाग, मॉरिशसपासून दोनशे किलोमीटरच्या आसपास, नैऋत्येला. मॉरिशसची लोकं अँटेना तिकडे फिरवून फ्रेंच चॅनेल बघत. पण तेव्हा मॉरिशसमध्ये आवाज चित्राच्या लहरीपासून साडेपाच मेगाहर्ट्झवर असायचा आणि रेयुनियनमध्ये साडेसहावर. साध्या ट्यूनरला चित्र मिळायचं, आवाज मिळायचा नाही. दोन्हींकडची रंगाची पद्धत मात्र एकच होती, सेकाम. आपली पाल.

आणि इथेच सगळ्यांची फसगत होते. पाल असो वा सेकाम, रेषा ६२५ च आणि सेकंदाला फ्रेम २५ च. त्यामुळे सेकाम कॅसेट आपल्या मशीनमध्ये घातली की ती कुरकुर न करता चालते. चित्र हलत नाही, फाटत नाही. फक्त रंगाची माहिती मशीनला ओळखू येत नाही, म्हणून ती रंग बंद करून टाकते. समोर दिसतं ते नीटनेटकं ब्लॅक अँड व्हाइट. अमेरिकेची एनटीएससी कॅसेट घातली असती तर चित्राचा पार चुथडा झाला असता आणि त्या स्टुडिओतल्या पोरालाही काहीतरी चुकतंय हे कळलं असतं.

आमच्या धंद्यात कुणी विचारतच नाही. कॅसेट कुठल्या देशात भरली, कुठल्या व्हीसीआरवर, हे दोन प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत. जुनं आहे म्हणजे रंग नसणारच, असं धरून चालतात आणि वर मूळ कॅसेट टाकून द्या म्हणून सांगतात. मला या गोष्टीचा मनस्वी राग येतो. फाइल ही नक्कल आहे. मूळ वस्तू हातात असेपर्यंतच ती सुधारता येते.

आता बुरशीवाली कॅसेट. आधी तिला हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवली, ओल पूर्ण जाईपर्यंत. ओली बुरशी पुसायला गेलं तर ती टेपवर चोळली जाते. सुकली की भुकटी होऊन निघते. मग मागचे पाच स्क्रू काढून टेप बाहेर घेतली, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम दमट केलेल्या, सूत न सुटणाऱ्या कापडातून हाताने हळूहळू ओढली आणि नव्या कवचात बसवली. हे काम पंख्याखाली करायचं नाही, मास्कशिवाय करायचं नाही आणि घाईत तर अजिबात नाही.

सेकाम वाचणारी मशीन माझ्याकडे नव्हती. पण कोकणात असणार हे माहीत होतं. सौदी अरेबियातही सेकामच चालायचं. त्यामुळे आखातात विकल्या जाणाऱ्या मल्टिसिस्टिम व्हीसीआरवर 'मीसेकाम' (सेकामचा रंग टेपवर भरायची एक पद्धत) असं बटण असे आणि असे व्हीसीआर तिकडे कामाला गेलेल्यांबरोबर चिपळूण-खेडच्या कित्येक घरांत आले. चिपळूणजवळच्या एका चाचांनी माळ्यावरून काढून दिला. घरातल्या कुणालाच त्या बटणाचा उपयोग माहीत नव्हता. त्यांना त्याची कधी गरजच पडली नव्हती. बेल्ट विरघळून डांबरासारखे झाले होते, टेप पुढे ओढणारा रबरी पिंच रोलर दगडासारखा. ते बदलले, हेड साफ केले.

एक खोडा अजून होता. थरथरणारं चित्र सरळ करायला आम्ही मधे टाइम बेस करेक्टर लावतो. माझा करेक्टर फक्त पाल जाणतो. सेकामचा रंग तोही गिळून टाकतो. म्हणून तो काढून व्हीसीआरचं आउटपुट थेट सेकाम समजणाऱ्या कॅप्चर कार्डाला, म्हणजे चित्र कॉम्प्युटरमध्ये घेणाऱ्या कार्डाला, दिलं.

बाई शेजारच्या खुर्चीवर होत्या. बटण मीसेकामवर, प्ले. आधी राखाडी. मग कडांना लाल-निळ्या ठिणग्या उडाल्या. सेकाममध्ये सिग्नल कमजोर असला की त्या हमखास उडतात. मला त्या बघून हायसं वाटलं, कारण ठिणग्या आहेत म्हणजे रंग आहे. आणि मग निवेदिकेची साडी मोरपंखी झाली. तिच्या मागे झेंडूची तोरणं. समुद्रावर माणसं गणपती खांद्यावर घेऊन पाण्यात शिरत होती, गुलाल स्पष्ट दिसत होता. बाईंना गर्दीत त्यांचे वडील सापडले. "हा शर्ट मी इस्त्री करायची," एवढंच म्हणाल्या.

यानंतर जे सांगायचं होतं ते मला जड गेलं. बाकीच्या सातही अशाच होत्या. न सांगताही चाललं असतं, पण बाईंनी आपल्या देशाबद्दलचा चुकीचा समज घेऊन परत जावं हे मला पटेना. सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, "मग त्या फाइलींमधून रंग काढता येतील ना?"

नाही येणार. व्हीएचएसमध्ये रंग उजेडापासून वेगळा काढून खालच्या फ्रिक्वेन्सीवर भरतात. त्या स्टुडिओच्या मशीनने तो भाग फेकून दिला, फाइलमध्ये तो आलाच नाही. हल्ली कॉम्प्युटर अंदाजाने रंग भरून देतो. बाईंच्या भाच्याने तेही सुचवलं. मी नाही म्हटलं. तो कॉम्प्युटर निवेदिकेला कुठलीतरी साडी नेसवेल. ती साडी कुणीच नेसली नव्हती.

मॉरिशसच्या टीव्हीवर फ्रेंच, इंग्रजी, क्रिओल, हिंदी, भोजपुरी या सगळ्यांच्या रांगेत मराठीच्या वाट्याला थोडा वेळ येत असे. तेवढ्या वेळासाठी बाईंचे वडील कोरी कॅसेट लावून तयार बसायचे. जगभरच्या टीव्ही केंद्रांनी टेपा महाग म्हणून त्यांच्यावरच पुन्हापुन्हा रेकॉर्डिंग केलं. अशा वेळी घरच्या कपाटात जे राहिलं तेच उरतं. त्या सात कॅसेटींत काय होतं ते आपल्याला कळतं, पण कसं दिसत होतं ते आता कुणाला कळणार नाही.

बाई परत गेल्यावर त्यांचा निरोप आला. मॉरिशसमधल्याच वाक्वाला त्यांच्या चुलतभावाकडे कपाटभर कॅसेटी आहेत. मी आधी व्हीसीआरचा फोटो मागवला. तो व्हीसीआर रेयुनियनहून आणलेला, फ्रेंच बनावटीचा निघाला. फ्रेंच मशीन सेकामचा रंग चाराने भागून टेपवर उतरवते, मीसेकाम तो नुसता खाली सरकवते. दोन्ही एकमेकांना ओळखत नाहीत. म्हणजे चिपळूणच्या व्हीसीआरवर त्या कॅसेटी परत ब्लॅक अँड व्हाइटच दिसतील. म्हणून त्या अजून मागवलेल्या नाहीत. चुलतभावाला सांगितलंय की काहीही टाकू नका, कॅसेटी उभ्या ठेवा, कपाटात ओल येऊ देऊ नका आणि तो बंद पडलेला व्हीसीआर भंगारात तर मुळीच देऊ नका. त्याचे बेल्ट कुठल्या मापाचे लागतील ते मी सध्या शोधतोय.