कॅमिल यारब्रोचं अख्खं गाणं

रविवार, रात्री उशिरा

कॅमिल यारब्रोचं मूळ गाणं आज पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं. 'टेक यो प्रेझ', १९७५ चं. सुरुवातीला नुसता तिचा आवाज, साथीला काहीच नाही, आणि त्या ओळी मला तोंडपाठ, कारण डीजे फॅटबॉय स्लिमच्या 'प्रेझ यू'मधून मी त्या कॉलेजपासून ऐकत आलेय. पण इथे ती थांबतच नाही ना, पुढे गात राहते, वाद्यं येतात, गाणं कुठल्या कुठे जातं, आणि मला एकदम अंगावर काटा आला. इतकी वर्षं ज्या आवाजावर जीव टाकला त्याचं अख्खं घर आज बघितल्यासारखं वाटलं. न्यूयॉर्कची कवयित्री, नर्तिका, अभिनेत्री, कृष्णवर्णीयांच्या चळवळीतली बाई, आणि आपण तिचा एवढासा तुकडाच ओळखत होतो.

मग ओघानेच 'यू'व्ह कम अ लाँग वे, बेबी' पूर्ण लावला. 'प्रेझ यू' ज्यात आहे तो १९९८ चा अल्बम, ब्रायटनच्या स्किंट रेकॉर्ड्सचा. फॅटबॉय स्लिम म्हणजे नॉर्मन कुक, हा आधी 'हाऊसमार्टिन्स' बँडमध्ये बेस वाजवायचा, नंतर डान्स म्युझिककडे वळला. आणि हा अल्बम त्याने घरी बसून केलाय, एक अटारी कॉम्प्युटर, अकाईचा एस ९५० सॅम्पलर (म्हणजे दुसऱ्या रेकॉर्डमधला आवाजाचा तुकडा उचलून परत परत वाजवायचं यंत्र), फ्लॉपी आणि रेकॉर्ड्सचा ढीग एवढ्यावर. त्या सॅम्पलरची मेमरी अगदी पूर्ण वाढवली तरी सव्वादोन एमबी, म्हणजे आज मोबाईलवर काढलेला एक फोटोसुद्धा मावायची मारामार! त्यामुळे लांबलचक काही उचलताच येत नाही, दोन-चार सेकंदांचा तुकडा घ्यायचा आणि त्याच्यावरच सगळं उभं करायचं. मला वाटतं ह्या अल्बमचा जीव ह्यातच आहे. तुकडा इतका छोटा असेल तर तो अचूकच निवडावा लागतो, आणि त्यासाठी आधी शेकडो रेकॉर्ड्स कान देऊन ऐकाव्या लागतात, लोकांनी टाकून दिलेल्यासुद्धा.

'प्रेझ यू'चंच बघा. पियानो कुठून आला तर जेबीएल ह्या स्पीकर कंपनीच्या टेस्ट रेकॉर्डवरून, म्हणजे लोकांनी स्पीकर कसे वाजतात ते तपासावं म्हणून काढलेली रेकॉर्ड! ती कुणी गाणं म्हणून ऐकत असेल का. त्या पियानोवर यारब्रोचा आवाज ठेवला, आणि शेवटचा शब्द असा ताणलाय की तो संपता संपत नाही. 'राइट हिअर, राइट नाऊ'मधली ती व्हायोलिनं जेम्स गँग बँडच्या १९७० च्या गाण्यातली, आणि त्यावरचा बाईचा आवाज चक्क सिनेमातला संवाद आहे, अँजेला बॅसेटचा. हे सगळे लोक एकमेकांना कधी भेटले नसतील आणि इथे एकाच ठेक्यावर उभे आहेत, आणि ऐकताना जोड कुठे दिसत नाही.

'रॉकफेलर स्कँक' तर वेगळंच प्रकरण. ती गिटार 'जस्ट ब्रदर्स'च्या 'स्लाइस्ड टोमॅटोज'मधली. मूळ अमेरिकन सोल, पण इंग्लंडच्या उत्तरेकडे नॉर्दर्न सोलच्या क्लबांमध्ये पोरं असल्या, अमेरिकेतच विसरल्या गेलेल्या रेकॉर्ड्स शोधून शोधून आणायची आणि रात्रभर नाचायची, ह्या रेकॉर्डलाही तिथेच मान मिळाला. म्हणजे कुकच्या आधीपासूनच तिथे जुनं खोदून त्यावर नाचायची सवय होती. मधे कुक तो फिरत राहणारा तुकडा इतका हळू करतो की गाणं बंद पडलं असं वाटतं आणि मग परत चढवत चढवत नेतो, ती जागा मला अजूनही दर वेळी उठवून उभं करते.

लोक म्हणतात असे तुकडे उचलणं म्हणजे चोरी. माझ्या मित्रमंडळींमध्ये पण हा वाद होतो आणि मला तो मनापासून लागतो. 'रॉकफेलर स्कँक'मध्ये चार जणांचे तुकडे होते, तर लेखनाच्या रॉयल्टीचे पंचवीस-पंचवीस टक्के त्या चौघांना गेले, कुकला त्यातलं काही उरलं नाही. तरी गाणं काढलंच ना त्याने. 'प्रेझ यू'वर यारब्रोचं नाव लेखिका म्हणून त्याच्या शेजारी आहे. त्याआधी १९९० मध्ये कुकचंच 'डब बी गुड टू मी' नंबर वन झालं होतं, त्यात 'क्लॅश' बँडची बेसलाइन होती, त्यावरून भांडण होऊन बरेच पैसे भरावे लागले होते. म्हणजे पुढे जे झालं ते ठेच लागल्यावर झालं, हे खरंय, पण झालं ते योग्यच. ज्याचा सूर त्याला पैसा आणि नाव मिळालंच पाहिजे, आणि ते मिळाल्यावरही नवीन गाणं होऊ शकतं.

अल्बम सगळाच आवडतो असं नाही. शेवटचं 'ॲसिड ८०००' मला लांबतं, मी बहुतेक वेळा आधीच बंद करते.

आणि आशाताई! १९९८ च्याच फेब्रुवारीत कॉर्नरशॉप बँडचं 'ब्रिमफुल ऑफ आशा' ब्रिटनमध्ये नंबर वन झालं. मूळ गाणं त्याआधीच्या वर्षी आलेलं पण फारसं चाललं नव्हतं, कुकने ते वेगात घेऊन रिमिक्स केलं आणि मग ते सगळीकडे वाजायला लागलं. इंग्लंडमधल्या वॉल्व्हरहॅम्प्टनच्या तजिंदर सिंगने लिहिलेलं, आशा भोसल्यांवरचं गाणं, आणि ज्यांनी त्यांचा आवाज कधी ऐकला नसेल अशी पोरं त्यांच्या नावावर नाचली. मला ह्याचा फार आनंद होतो.

तेव्हापासून एकच डोक्यात घोळतंय, आशाताईंचे दोनच सेकंद त्या अकाईत घालायचे असतील तर कुठले घ्यायचे. हिंदीतलं बरंच आठवून झालं. पण मी 'जिवलगा'च घेईन, तो एकच शब्द, पहिला, ताणलेला, आणि त्याच्या खाली ड्रम नको, नुसता बेस. उद्या लॅपटॉपवर करून बघते. बाहेर कुठे टाकायचं नाही, फक्त माझ्यासाठी.